विमान रद्द झालं आणि माधुरी काउंटरवर गेली

चंदीगडला जाऊन आले म्हटल्यावर माझ्या जुन्या सहकारी शिक्षिका आधी हेच विचारतात, गुलाबांची बाग पाहिलीस का. पाहिली. तलावही पाहिला, त्याच्या काठावर बसून लिंबू पिळलेली भाजकी रताळी खाल्ली. पण हा प्रवास मला आठवतो तो चिकलठाण्याच्या विमानतळापासून, म्हणजे माझ्या घरापासून रिक्षानं सहज जाता येईल अशा जागेपासून. खरा प्रवास तिथंच झाला, विमानात पाऊल ठेवण्याआधी.

आम्ही तिघी निघालो होतो. नसरीन, मी आणि माधुरी. नसरीन आणि मी एकाच शाळेत शिकवलं. ती गणित, मी मराठी. एकाच वर्षी लागलो, एकाच वर्षी निवृत्त झालो, आणि मधल्या सगळ्या वर्षांत डबा एकत्र खाल्ला. तिचे मिस्टर गेले तेव्हा तिची मुलगी सना प्राथमिक शाळेत होती. नंतर सनाच्या परीक्षा आल्या की तिची उजळणी माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पोळ्या होईतोवर चालायची. ती सना डॉक्टर झाली, चंदीगडला राहून लहान मुलांच्या आजारांतली मोठी पदवी मिळवली. ती पदवी तिला समारंभात मिळणार होती, त्यासाठी आमचं जाणं.

माधुरी नसरीनच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली. नवऱ्याच्या नोकरीमुळं बरीच वर्षं मस्कतला होती. दोघी सकाळी फिरायला जायला लागल्या, मग दोघींनी एकाच दुकानातून एकसारखे बूट घेतले. नसरीन जन्मभर चहात आलं घालत आली. एकदा तिच्याकडं गेले तर चहाला बडीशेपेचा वास.

"माधुरी असाच करते," नसरीन म्हणाली. "पिऊन बघ, शोभा."

मी प्यायले. चहा चांगला झाला होता, आणि तेच मला लागलं.

सनाच्या समारंभाचा बेत ठरला तेव्हा नसरीननं मला सांगितलं आणि त्याच दमात म्हणाली, "माधुरी पण येतेय. सोबत होईल." सोबतीला मी होते, असं मला म्हणायचं होतं. शिवाय सभागृहात बसायला घरच्यांसाठी दोनच पास मिळणार होते. दुसरा कुणाचा, ते नसरीन बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं आणि माधुरीचं नाव आलं असतं, तर मला काहीतरी कारण काढून घरीच राहावं लागलं असतं.

चिकलठाणा

आमचं तिकीट दिल्लीचं आणि तिथून पुढं चंदीगडचं, एकाच कंपनीचं, एकत्र काढलेलं. समारंभ दुसऱ्या दिवशी. थंडीचे दिवस, सकाळची वेळ. शाल गुंडाळून आम्ही पोचलो. नसरीननं सनासाठी नान-कलियातला मटणाचा रस्सा नेता येत नाही म्हणून नुसते नान बांधून घेतले होते, आणि आत तपासणीला ते काढून घेतील की काय या काळजीत होती.

तपासणीपर्यंत जायची वेळच आली नाही. सामान द्यायच्या रांगेत उभ्या असतानाच सगळ्यांचे फोन एकदम वाजले. विमान रद्द. मेसेजमध्ये एक निळी ओळ होती, ती दाबली की पैसे परत.

रांगेचा क्षणात घोळका झाला. काउंटरवर एक तरुण होता, कंपनीचा कोट घातलेला, केस नीट बसवलेले. तो सगळ्यांना एकच सांगत होता. दिल्लीत धुकं आहे, कंपनीच्या हातात काही नाही, पैसे परत घ्या, उद्या परवा जागा बघून नवीन तिकीट काढा.

नसरीन खाली बसली, म्हणजे अक्षरशः स्वतःच्या बॅगेवर बसली. "उद्या तर समारंभ आहे," ती मला म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला तेवढंच सुचलं. रेल्वे पोचणार नव्हती, गाडी करून जायचं तर रस्ता संपणार नव्हता. मी तिला म्हणाले, "सनाला फोन करू, ती समजून घेईल." नसरीननं माझ्याकडं असं पाहिलं की मी काढलेला फोन परत पर्समध्ये ठेवला.

आणि माधुरी काउंटरवर गेली.

ती ओरडली नाही. बाकीचे ओरडत होते, ती त्यांचं संपेपर्यंत थांबली. मग तिनं चष्मा डोक्यावर सरकवला आणि विचारलं, "विमान धुक्यामुळं रद्द झालंय की दुसऱ्या कारणानं?"

"मॅडम, वेदर."

"ठीक. धुकं असेल तर नुकसानभरपाई मिळत नाही, ते मला माहितीये. मी ती मागतच नाही. पण कारण काहीही असो, विमान तुम्ही रद्द केलंय. पूर्ण पैसे घ्यायचे की दुसऱ्या विमानात जागा घ्यायची, हे प्रवासी ठरवतो. तुम्ही नाही. आम्हाला जागा पाहिजे."

"मॅडम, दिल्लीला उद्या सकाळच्या विमानात—"

"दिल्लीला जायला आम्ही निघालोच नाही. तिकीट चंदीगडचं आहे, एकत्र आहे. आम्हाला चंदीगडला पोचवायचं काम तुमचं. दिल्लीवरनं जमत नसेल तर हैदराबादवरनं बघा, मुंबईवरनं बघा."

तो मॉनिटरकडं पाहायला लागला. मी नसरीनजवळच उभी होते, पण माझे कान तिकडं होते. माधुरीचा एकेक शब्द मी ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर ती कुठंतरी चुकावी म्हणून ऐकत होते. त्या तरुणानं एकदा तरी म्हणावं, नाही मॅडम, तुमचं चुकतंय. तो म्हणाला नाही.

मागं वळून माधुरी बाकीच्या लोकांना म्हणाली, "ज्यांना जायचंच आहे त्यांनी मेसेजमधलं पैशाचं बटण दाबू नका. दाबलं की विषय संपला. आणि आपण थांबलोय तोवर चहा-नाश्ता द्यायची जबाबदारी यांची आहे, तो मागा."

लोक तिच्याभोवती जमायला लागले. एक गुजराती कुटुंब अजिंठा-वेरूळ बघून परत निघालं होतं, त्यातल्या आजींनी तिला शेजारी बसवून घेतलं. एका गृहस्थांनी मला विचारलं, "या वकील आहेत का?" मी म्हणाले, "नाही. मैत्रिणीची शेजारीण आहे." ते नातं मी जरा लांबचं करूनच सांगितलं.

उपमा आणि चहा आला. नसरीन उठून उभी राहिली, तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं पहिला कप माधुरीला नेऊन दिला. मग मला आणून दिला.

थोड्या वेळानं काउंटरवरच्या तरुणानं माधुरीला बोलावलं. दुपारी हैदराबादचं विमान होतं आणि तिथून संध्याकाळी चंदीगडचं. त्यात दोन जागा होत्या.

"तिघी आहोत आम्ही," माधुरी म्हणाली.

"दोनच आहेत, मॅडम. तिसऱ्या मॅडमसाठी मी उद्याचं बघतो."

नसरीन जाणार हे ठरलेलंच. प्रश्न दुसरीचा. माधुरीनं तोंड उघडलं, आणि ती काय म्हणणार हे मला दिसलं. ती म्हणणार होती, तुम्ही दोघी जा. जागा तिनं मिळवली, आणि आता ती उदार मनानं मला देणार होती. जन्मभराच्या मैत्रिणीसोबत जायची परवानगी मला माधुरीकडून मिळणार होती. ते मला सहन होईना. ती बोलायच्या आत मीच म्हणाले,

"तुम्ही दोघी जा. माझे गुडघे दुखतायत, इतकं फिरून फिरून जाणं मला जमणार नाही."

मला वाटलं नसरीन म्हणेल, वेडी आहेस का. गेली कित्येक वर्षं ती हेच म्हणत आलीये, मी काहीही बोलले तरी. तिनं खांद्यावरची शाल नीट केली. मग म्हणाली, "हौ, बरं." आणि बॅग उचलली.

तपासणीच्या काचेपलीकडं जाईपर्यंत मी त्यांना पाहत होते. दोघींचे एकसारखे बूट. माधुरीनं एकदा वळून पाहिलं, नसरीननं नाही.

करमाडचं जोडपं

घरी जायला रिक्षा करायची म्हणून मी बाहेरच्या बाजूला निघाले. दाराजवळच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. त्यांच्या पायाशी कापडात गच्च बांधलेला स्टीलचा डबा. पांढरी टोपी घातलेल्या त्या माणसानं मला हाक मारली.

"ताई, शिकलेल्या दिसता. हे जरा बघता का? कुठं दाबायचं ते दाखवा. पोरगा म्हणला, निळं दाबा मंजे पैसे येत्यात."

ते करमाडचे. बाईंचं नाव कडूबाई. मुलगा फौजेत, चंदीगडजवळच्या छावणीत. त्याला मुलगी झाली होती, बारसं दोन दिवसांवर होतं. दोघंही पहिल्यांदा विमानात बसायला निघाले होते.

"बाळंतिणीला डिंकाचे लाडू केलेत," कडूबाई म्हणाल्या. "आता काय, घरी जाऊन आपणच खावं."

मी तो फोन हातात घेतला. अंगठा त्या निळ्या ओळीवर नेलासुद्धा. मला घरी जायचं होतं, दार लावून घ्यायचं होतं आणि मनसोक्त रडायचं होतं. पण माझ्याच डोक्यात माधुरीचा आवाज बोलायला लागला. दाबलं की विषय संपला.

"तुम्हाला जायचंय की नाही?" मी विचारलं.

"जायचं नाय तर काय?" कडूबाई म्हणाल्या. "पण नाय म्हणायलेत ना ते."

"मग हे दाबायचं नाही," मी म्हणाले. "चला माझ्याबरोबर."

खरं म्हणजे त्यांच्यासाठी गेले असं म्हणणं थोडं खोटं होईल. चालता चालता माझ्या मनात हेच होतं, की माधुरीला जमतं ते मला का जमू नये.

काउंटरवर गर्दी कमी झाली होती. तोच तरुण होता. मी सगळं माधुरीसारखं म्हणायचं ठरवलं होतं, चष्माही डोक्यावर सरकवून पाहिला, तो घसरला. मी म्हणाले, "पैसे की दुसरं विमान, हे प्रवाशानं ठरवायचं असतं. आम्हाला चंदीगडला जायचंय. तिघांना. उद्या सकाळपर्यंत."

तो थकलेला होता. "मॅडम, तुमच्या फ्रेंडसाठी मी स्पेशल केस म्हणून ॲडजस्ट केलं. नियमात असं काही नसतं."

आता माधुरीनं काय केलं असतं ते मला ठाऊक नव्हतं. ती तिकडं आत बसली होती. फोन करून विचारता आलं असतं, पण ते मी मेले तरी केलं नसतं. त्या तरुणाच्या छातीवरच्या पाटीवर आडनाव होतं, वय माझ्या शेवटच्या दहावीच्या वर्गातली मुलं आता असतील तितकं. मला एकदम बरं वाटलं. अशा वयाच्या मुलांशी बोलण्यातच माझा जन्म गेला होता.

"तुझ्या कंपनीच्या वेबसाइटवर प्रवाशांचे हक्क लिहिलेले असतात," मी म्हणाले. हेही माधुरीनंच सकाळी त्या गुजराती आजींना सांगितलं होतं. "तुझ्या मोबाइलवर काढ."

त्यानं काढलं.

"आता मोठ्यानं वाच."

"मॅडम?"

"मोठ्यानं वाच बाळा. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

का कोण जाणे, त्यानं वाचायला सुरुवात केली. इंग्रजी चांगलं होतं त्याचं, फक्त घाई करत होता. विमान रद्द झालं तर, असं जिथं आलं तिथं मी म्हणाले, "थांब. ते वाक्य परत." त्यानं परत वाचलं. दुसरं विमान किंवा परतावा, प्रवाशाला मान्य असेल ते.

"प्रवाशाला की कंपनीला?"

"प्रवाशाला," तो म्हणाला.

मागं कुणीतरी हसलं, आणि तो मुलगाही हसला, शरमल्यासारखा. "एवढं लाजवू नका मॅडम, बघतो मी," म्हणाला. कडूबाईंचे यजमान माझ्या मागं टोपी हातात घेऊन उभे होते. "पाढे म्हणायला लावले की," ते बायकोला हळूच म्हणाले.

बराच वेळ त्याचे फोन चालले. शेवटी मुंबईची वाट निघाली. संध्याकाळच्या विमानानं मुंबईला, आणि सकाळच्या पहिल्या विमानानं चंदीगड. मधल्या रात्रीचं काय, असं मी विचारलं. याचा नियम मला नीटसा ठाऊक नव्हता. सकाळी माधुरी एकाला म्हणाली होती, राहायचं हॉटेल प्रत्येक वेळी मिळतंच असं नाही, पण मागायला काय जातं. म्हणून मी मागितलं. सोबत म्हातारी माणसं आहेत म्हणाले. कडूबाई माझ्यापेक्षा लहान असतील. हॉटेल मिळालं.

नसरीनला मी कळवलं नाही. तिचा फोनही आला नाही.

मुंबईच्या वाटेवर

विमान वर चढलं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. खिडकी कडूबाईंना दिली होती. आधी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि माझं मनगट धरलं. मग हळूच एक डोळा उघडला.

"करमाड कुठं हाय?"

"ते मागं राहिलं, शेंद्र्याच्या पलीकडं," त्यांचे यजमान म्हणाले. मान वळवली तर त्यांना काहीतरी दिसलं. "ते बघ. दौलताबाद."

किल्ल्याचा डोंगर खाली होता, ताशीव कड्यांचा, भोवती खंदकाची काळी रेघ. लहानपणापासून मी त्याच्याकडं मान वर करून पाहत आले. वरून तो एखाद्या मुलानं मातीच्या ढिगावर फुलपात्र पालथं घालून ठेवावं तसा दिसत होता.

"लई बारीक दिसायलंय," कडूबाई म्हणाल्या.

"व्हय," ते म्हणाले. "चढताना दम लागतो तेव्हा कळत नाय."

मी कडूबाईंच्या खांद्यावरून पाहत होते. नसरीन आणि मी दोन सहली घेऊन त्या किल्ल्यावर गेलो होतो, अंधाऱ्या वाटेत तिनं मुलींना आणि मी तिला धरून ठेवलं होतं. दुपारी हैदराबादच्या विमानातून तिलाही किल्ला दिसला असेल का, आणि दिसला असेल तर तिनं तो माधुरीला दाखवला असेल का, एवढाच विचार माझ्या डोक्यात फिरत राहिला. दाखवला असेल तर काय सांगून दाखवला असेल.

कडूबाईंनी डब्याची गाठ सोडून एक लाडू काढला आणि माझ्या हातात ठेवला. "बाळंतिणीचे हायेत," मी म्हणाले. "एकानं काय होतंय," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळं चाललेत ते." डिंक छान फुललेला होता, सुंठ जरा जास्त होती. मी सगळा खाल्ला. सकाळच्या उपम्यानंतर पोटात काही नव्हतं.

चंदीगड

सकाळी उतरलो तेव्हा धुकं खरंच होतं. थोडं उशिरा, पण विमान उतरलं. माझी बॅग मुंबईहून दुसरीकडंच कुठं गेली होती. समारंभासाठी घेतलेली पैठणी तिच्यात. कागद भरून दिला आणि कालच्याच साडीत बाहेर आले. तिच्यावर चहाचा डाग होता.

करमाडच्या जोडप्याचा मुलगा दारात उभा होता. त्यानं आईला आधी वाकून नमस्कार केला, मग माझी हकीकत ऐकून मलाही. "मावशी, गाडीत बसा, मी सोडतो," म्हणाला. नातीला बघायची घाई असूनही कडूबाई डबा मांडीवर धरून मागं बसल्या.

रस्ते रुंद, दोन्हीकडं मोठाली झाडं. लाल दिव्याला पोलीस नसतानाही गाड्या थांबत होत्या, ते पाहून मला आमचा बेशिस्त जालना रोड आठवला. धुकं विरलं तसे लोक घराबाहेर यायला लागले. कुणी खुर्ची, कुणी बाज, कुणी नुसती सतरंजी घेऊन, जिथं ऊन पडलं तिथं बसायचे. शेंगा खायचे, स्वेटर विणायचे. ऊन जरा सरकलं की खुर्चीही सरकायची. आपल्याकडं माणूस सावली बघून गाडी लावतो. इथं लोक उन्हासाठी जागा धरून बसतात.

विद्यापीठाच्या दाराशी मला सोडून गाडी गेली. पोरीचं नाव काय ठेवणार, ते विचारायचं राहूनच गेलं.

सभागृहाबाहेर हिरवळ होती. एका झाडाखाली, उन्हात, आत नेऊ न दिलेल्या बॅगांच्या ढिगाशेजारी माधुरी बसली होती. एकटी. मांडीवर शेंगांची पुडी. मला पाहून ती उठली नाही, नुसती हसली, आणि पर्समधून एक कार्ड काढून पुढं केलं. पास होता. त्यावर माझं नाव छापलेलं होतं. माझं, आडनावासकट.

"तू इथं का?" मी विचारलं.

"माझा पास नाहीच. नाव तुझं आहे, ओळखपत्र बघतात. जा, नावं पुकारायला लागलेत."

मी आत गेले. सगळी माणसं नटून आलेली, सूट, पगड्या, जरीच्या ओढण्या. त्यांतून चहाच्या डागाची साडी नेसून मी चुकीच्या रांगेत शिरले, परत आले, मग नसरीन दिसली. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिनं त्यावर स्वतःची शाल ठेवली होती. मी शाल उचलून बसले. ती समोरच बघत होती, व्यासपीठाकडं.

"गुडघे कसे आहेत?" तिनं विचारलं.

"बरे आहेत."

"राग आला होता मला," ती म्हणाली, अजून समोरच बघत. "सनाला अक्षरं तू शिकवलीस. तिनं पासवर तुझं नाव दिलं तेव्हा मला विचारलंसुद्धा नाही, ठरलेलंच होतं तिचं. मी तुला इथं आल्यावर देणार होते, गंमत म्हणून. आणि तू म्हणालीस, जमणार नाही. मला वाटलं, हिला यायचंच नव्हतं, भिडेखातर निघाली होती."

माधुरीमुळं म्हणाले, असं त्या सभागृहात सांगण्याइतकी मी शूर नव्हते.

"मग शाल का ठेवलीस?"

"माधुरी म्हणाली ठेव. ती म्हणाली, शोभा नक्की येईल. माधुरी म्हणते, मी काउंटरवर बोलत होते तेव्हा शोभानं ऐकताना एक शब्द सोडला नाही, तिला सगळं पाठ झालंय."

इतका वेळ मी समजत होते की माझं ऐकणं माझ्यापाशी आहे. माधुरीनं ते तिथंच पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थही तिनं चांगला लावला होता. मला तो लावता आला नसता.

सनाचं नाव पुकारलं. उंच झाली होती, झग्यात अजून उंच दिसली. पदवी घेऊन वळताना ती आमच्या दिशेनं पाहायला लागली आणि दोन्ही खुर्च्यांवर नजर जाऊन थांबली. नसरीननं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्याच नाहीत, हात रिकामे नव्हते.

नंतर सना मित्रमैत्रिणींबरोबर फोटो काढायला गेली, नसरीन तिच्यामागं. मी माधुरीपाशी येऊन बसले. तिनं शेंगांची पुडी पुढं केली. शेंगा फोडत मी तिला करमाडच्या जोडप्याचं आणि आम्हा तिघांना मिळालेल्या जागांचं सांगितलं.

"तुला हे सगळे नियम कसे माहीत?" मी विचारलं. हा प्रश्न सगळ्यांनी तिला विचारला होता, मी सोडून.

"मस्कतला असताना बाबा आजारी पडले," ती म्हणाली. "निघाले, तर विमान रद्द. पैसे परत घ्या म्हणाले, घेतले. रांगेतले सगळेच घेत होते. नवीन तिकीट मिळून घरी पोचले तर सगळं आटोपलेलं. नंतर कळलं, त्याच दिवशी दुसऱ्या वाटेनं जाता आलं असतं, मागायला हवं होतं." टरफलं तिनं ओंजळीत गोळा केली. "नंतर सगळं वाचून काढलं. उपयोग काय म्हणा. पण काल नसरीन बॅगेवर बसली ना, तेव्हा मला राहवलं नाही."

इतके महिने मी तिच्याविषयी जे जे मनात धरलं होतं, त्यातलं एकही तिथं बोलण्यासारखं नव्हतं. मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. तिच्याकडं पाहून मला वाटलं, एवढं मोठं दुःख होऊनही हिनं त्यातून दुसऱ्याच्या उपयोगाचं काहीतरी काढलं, आणि मी गुडघ्याचं कारण काढलं. म्हणजे तोही एक मत्सरच झाला, जरा बऱ्या जातीचा.

"आता तू सांग," माधुरी माझ्याकडं वळून बसली. "तू त्याला काय म्हणालीस? मला तर दोनच जागा दिल्या त्यानं, तू तीन काढल्यास. नेमकं सांग."

मी सांगितलं. मोबाइलवर काढायला लावलं, मोठ्यानं वाचायला लावलं, ते वाक्य परत वाचून घेतलं. ऐकता ऐकता तिचं शेंगा फोडणं थांबलं.

"मोठ्यानं वाच म्हणालीस?"

"मागच्यांना ऐकू जाईल असं."

ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग चष्मा पुसत म्हणाली, "हे मला कधी सुचलं नसतं. मी आता असंच करणार."

हिरवळीच्या पलीकडून नसरीन आणि सना हातवारे करून आम्हाला फोटोला बोलावत होत्या. आम्ही उठलो. संध्याकाळी माझी बॅग आली, दुसऱ्या दिवशी बाग पाहिली, राजमा-भात खाल्ला, लोणी तरंगणारे पराठे खाल्ले. सगळं छान होतं. पण त्या प्रवासात मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला, असं नसरीननं परत आल्यावर विचारलं, तेव्हा मी म्हणाले, सनाचं नाव पुकारलं त्याचा. तिला ते पटलं. माधुरीला जे सुचलं नव्हतं ते काउंटरवर मला सुचलं, हे खरं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही.